घरचे केस कापण्याचे मशीन केस ओढते, तापते, मध्येच थांबते: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

घरी केस कापण्याच्या विजेच्या मशीनविषयीची तक्रार पुढीलपैकी एखादी असते, आणि पुष्कळदा दोन-तीन एकत्रच आलेल्या असतात.

• मशीन केस कापण्याऐवजी ओढते आणि समोर बसलेला माणूस मान आखडून घेतो.
• एकाच जागेवरून तीन-चार वेळा फिरवले तरी काही केस उभेच राहतात, किंवा डोक्यावर पट्टे दिसतात.
• थोड्याच वेळात पाते चटका बसेल इतके तापते.
• आवाज दबलेला होतो, किंवा उलट खडखडाट सुरू होतो.
• पूर्ण चार्ज झाल्याचा दिवा लागूनही अर्ध्या डोक्यावर मशीन बंद पडते.
• त्वचेवर ओरखडे उठतात किंवा बारीकसे कापते.

लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा इंदूरच्या भागांतून ओळखीची मंडळी असे मशीन माझ्याकडे घेऊन येतात तेव्हा निदान आधीच ठरलेले असते: पाते गेले आहे, नवे कुठे मिळेल ते सांगा. प्रत्यक्षात पात्याची धार गेलेली असणे हे या तक्रारींचे सर्वांत विरळ कारण आहे. बहुतेक मशीने साफसफाई, दोन-चार थेंब योग्य तेल आणि एका स्क्रू ड्रायव्हरवर भागतात. म्हणूनच खालील क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होऊन खर्चाच्या तपासणीकडे जातो, आणि ओरखड्यांची तक्रार सोडली तर तो मोडू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, मग मानेवरच्या थोड्या केसांवर मशीन चालवून पाहावे आणि तरीही फरक नसेल तरच पुढे जावे. सगळे एकदम केले तर मशीन सुधारते खरे, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि तीन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

मशीन उघडण्याआधी केस पाहावेत

केस कापल्यावर न्हायचेच असते, मग आधी कशाला न्हायचे, या हिशेबाने आपल्या घरांतून आदल्या रात्री चोपडलेले खोबरेल तेल तसेच ठेवून माणूस खुर्चीवर बसतो. तेलकट केसांचे पुंजके होतात, ते दात्यांमध्ये सुटे शिरत नाहीत, आणि कापलेल्या केसांचा चुरा त्या तेलात मिसळून पात्यांमध्ये चिकट थर बसतो. ओल्या केसांचेही तसेच आहे. ते एकमेकांना चिकटून आडवे पडतात आणि मशीन त्यांच्यावरून घसरत जाते. आदल्या संध्याकाळी केस धुवावेत, सकाळी कोरड्या केसांवर मशीन चालवावे आणि नंतर पुन्हा खुशाल न्हावे. एवढ्या बदलाने ओढण्याची तक्रार संपलेली घरे मला ठाऊक आहेत.

केस बोटाच्या दोन पेरांपेक्षा लांब असतील तर आधी कात्रीने उतरवून घ्यावेत. लहान दात्यांचे घरगुती मशीन लांब केसांसाठी केलेलेच नसते. हाताचा वेग हे दुसरे कारण आहे. केसांच्या वाढीच्या उलट दिशेने आणि हळू गेले की प्रत्येक केस दात्यांच्या खाचेत उभा राहतो. घाईने ढकलले की पात्याला कापायला वेळ मिळण्याआधीच केस वाकतो. भोवऱ्यापाशी वाढीची दिशा गोल फिरत असल्याने तिथे दोन-तीन बाजूंनी मशीन न्यावे लागते, आणि तिथे राहिलेले केस हा मशीनचा दोष नव्हे.

पट्टे दिसत असतील तर गार्ड, म्हणजे वर बसवायचा प्लास्टिकचा कंगवा, पूर्ण बसला आहे का ते पाहावे. एका बाजूने अर्धवट बसलेला गार्ड कापताना वर-खाली होतो आणि डोक्यावर पायऱ्या पडतात. गार्डवरील १ हा आकडा बहुधा ३ मिलीमीटर, २ हा ६, ३ हा १० आणि ४ हा १३ मिलीमीटर उंची दाखवतो. काही कंपन्या थेट मिलीमीटरच छापतात, त्यामुळे नवे मशीन आणल्यावर जुन्या सवयीने आकडा लावू नये. मोठ्या गार्डने सुरुवात करावी, कारण उरलेले केस नंतर कमी करता येतात.

सफाई

या मशीनमध्ये दोन पाती असतात. त्वचेकडचे पाते स्थिर असते आणि त्याच्या पाठीला घासून दुसरे, लहान पाते डावी-उजवीकडे धावते. केस कापला जातो तो या दोन सपाट पृष्ठभागांच्या मधोमध, कात्रीत कापला जावा तसा. त्या दोघांमध्ये केसांचा चुरा शिरला की हलते पाते केसाच्या जाडीइतके वर उचलले जाते, आणि तेवढी फट पुरेशी असते: केस तुटण्याऐवजी फटीत दुमडतो, अडकतो आणि मशीन पुढे सरकले की मुळापासून ओढला जातो. ओढण्याची वेदना होते ती या फटीमुळे, आणि फट असेल तर नव्याकोऱ्या पात्यानेही ती होईल.

सफाईसाठी मशीन बंद करून वायर भिंतीतून काढावी. वायरलेस मशीनचे पाते बहुधा अंगठ्याने मागे दाबले की सुटते. वायरच्या मशीनचे पाते दोन स्क्रूंवर असते, पण पहिल्या सफाईला ते काढायची गरज नाही. टूथब्रशने दाते बाहेरून घासून भागत नाही, कारण खरा साठा पात्यांच्या मागच्या पोकळीत असतो. तिथे केस, कोंडा आणि तेल यांची दाट गादी तयार झालेली सापडते. ती टाचणीने नव्हे, कोरड्या ब्रशने आणि गरज पडली तर लाकडी टूथपिकने काढावी. टाचणीचा ओरखडा पात्याच्या सपाट पृष्ठभागावर उमटला तर तो कायमचा असतो. ज्या मशीनला बाजूला लांबी बदलण्याचा खटका असतो तो खटका शेवटी मशीन पुन्हा चालू करून दहा-बारा वेळा खाली-वर करावा; अडकलेले केस पुष्कळदा त्यानेच निसटून पडतात.

मशीन नळाखाली धरावे की नाही याचे उत्तर मशीनवरच असते. नळाचे चिन्ह असेल, किंवा सोबतच्या कागदात धुण्यायोग्य म्हटले असेल, तरच धुवावे. इंदूरमध्ये अनेक सोसायट्यांत बोअरचे जड पाणी येते आणि ते वाळले की पात्यावर पांढरा क्षार धरतो, त्यामुळे धुतल्यावर पाते झटकून, कापडाने टिपून, पंख्याखाली पूर्ण वाळवावे आणि वाळल्यावर लगेच तेल द्यावे. ओलसर पाते डबीत बंद करून ठेवले की पुढच्या महिन्यात दात्यांवर तांबूस ठिपके दिसतात.

एकच मशीन घरातले सगळे वापरत असतील तर प्रत्येक डोक्यानंतर पात्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारावे आणि ते उडून जाईपर्यंत थांबावे. डोक्यावरचा नायटा मशीनच्या पात्यावरून एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि मुलांमध्ये तो अधिक दिसतो. अल्कोहोल पात्यावरचे तेलही घेऊन जाते, हे मात्र विसरू नये; फवारणीनंतर पुन्हा तेल देणे भाग आहे.

तेल, आणि ते कोणते

या एका मुद्द्यावर मी अंमळ जास्त लिहितो आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या मशीनांत चुकीचे तेल हे सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण आहे.

दोन धातूंची पाती कोरडी घासली की तापतात, तापली की फुगतात, फुगली की अधिक घट्ट घासतात आणि मोटरवर ताण येतो. चटका बसणारे पाते, मंदावलेली गती आणि लवकर संपणारी बॅटरी या तीन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी म्हणूनच एकाच कोरडेपणातून येतात. मशीनसोबत आलेली तेलाची छोटी कुपी पहिल्या आठवड्यातच हरवते, आणि मग स्वयंपाकघरातले किंवा आरशापुढचे तेल वापरले जाते.

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे सकाळी पात्यांमध्ये तेल नसते, मेण असते. उन्हाळ्यात छान चालणारे मशीन संक्रांतीच्या सुमारास आपोआप ओढू लागले अशी तक्रार असेल तर पहिला प्रश्न मी खोबरेल तेलाचाच विचारतो. मोहरीचे, सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे तेल हवेत राहून चिकट होत जाते आणि पातळ थरात त्याची पिवळसर राळ बनते. तळणाच्या झाऱ्यावर बसणारा न निघणारा थर तोच. ग्रीस जाड असल्याने केसांचा चुरा धरून ठेवते. गंज काढण्याचे फवारे गंज काढतात, पण ते उडून जातात आणि वंगण म्हणून टिकत नाहीत, शिवाय ते डोक्याच्या त्वचेला लागू द्यायची वस्तूही नव्हे.

लागते ते पातळ, बिनवासाचे खनिज तेल, म्हणजे आपले शिलाई मशीनचे तेल. शिलाई मशीनच्या कोणत्याही दुकानात लहान बाटली मिळते आणि घरगुती वापरात ती काही वर्षे सरत नाही. मशीन दाते खाली करून धरावे, समोरच्या दात्यांवर अंतराअंतराने तीन थेंब आणि पात्याच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांवर एकेक थेंब द्यावा, दहा-पंधरा सेकंद चालवावे आणि बाहेर आलेले जादा तेल कापडाने पुसावे. पुसण्याचे काम गाळू नये, कारण जादा तेल मागे वाहून मोटरपर्यंत जाते. आधी चुकीचे तेल पडलेले असेल तर पाते काढून अल्कोहोलने राळ पुसून घ्यावी लागते. जुन्या चिकट थरावर नवे तेल ओतल्याने तो थर जात नाही. केस कापण्याआधी एकदा आणि ठेवून देताना एकदा तेल दिले की बाकीच्या निम्म्या तपासण्यांची वेळच येत नाही. पाते तापते का हे कापताना अधूनमधून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे, आणि गरम वाटले तर थांबावे. मुलाच्या कानामागच्या त्वचेवर ते पाहू नये.

वीज

वायरलेस मशीन असेल तर सॉकेट, वायर आणि चार्जर एकेक करून बदलून पाहावेत. चार्जिंगच्या टोकांवर तेल आणि केस साचतात, ते अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. यूएसबीने चार्ज होणाऱ्या मशीनला ५ व्होल्टचा साधा चार्जर लावावा. मशीन चार्जिंगला लावल्या लावल्या जोरात चालते आणि वायर काढताच मरगळते असे असेल तर दोष बॅटरीत आहे, पात्यात नाही. मात्र अनेक मशीने चार्जिंग चालू असताना मुद्दामच चालू होत नाहीत, तेव्हा ती न चालणे हा पुरावा धरू नये. लिथियम बॅटरी पूर्ण संपवून महिनोन्‌महिने तशीच ठेवली की खराब होते. ठेवताना ती निम्मी भरलेली असावी, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटावर किंवा उन्हातल्या गाडीत मशीन ठेवू नये.

वायरच्या मशीनांत पुष्कळदा मोटर नसून विद्युतचुंबकाने ओढला जाणारा एक लोखंडी हात असतो. अमेरिकेत लिओ वॉल यांनी १९१९ साली अशा मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ती रचना आजही टिकून आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर हा हात सेकंदाला १०० वेळा ओढला जातो. चुंबकाचा जोर व्होल्टेजपेक्षा वेगाने घटतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरोघरचे एसी सुरू होऊन व्होल्टेज थोडे उतरले तरी मशीन बरेच अशक्त होते. संध्याकाळी ओढणारे मशीन सकाळी नीट चालत असेल तर ते उघडण्याचे कारण नाही. अशा मशीनच्या बाजूला बहुधा एक स्क्रू असतो: मशीन चालू ठेवून खडखडाट होईपर्यंत तो उजवीकडे फिरवावा, मग खडखडाट नुकताच थांबेल इतपत डावीकडे आणावा. त्या बिंदूवर जोर सर्वाधिक असतो. खडखडाटाची तक्रार असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच ती मिटते.

अमेरिकेहून मुलाने पाठवलेले वायरचे मशीन हा इंदूरच्या मराठी घरांत वारंवार भेटणारा प्रकार आहे. ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेले असते. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावले तर जळते, आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी विजेची आवर्तने बदलत नाहीत, म्हणून चुंबकाचे मशीन मलूल चालते किंवा खडखडते. त्यावर स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही.

पात्यांची जुळणी

मशीन हातातून पडल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, किंवा मशीन ओरखडे काढत असेल, तर हा भाग वाचावा. ओरखड्यांच्या बाबतीत तर दुसरे काही करण्याआधी वाचावा. पडलेल्या मशीनचे दाते आधी बोटाने नव्हे, डोळ्यांनी आणि भिंगाने तपासावेत. एक दाता जरी वाकला किंवा तुटला असेल तर ते पाते बाद आहे.

मशीन उजेडात धरून दात्यांकडे समोरून पाहावे. हलत्या पात्याच्या दात्यांची टोके स्थिर पात्याच्या टोकांच्या मागे, साधारण अर्धा ते एक मिलीमीटर, आणि दोन्ही ओळी एकमेकींना समांतर असायला हव्यात. हलते पाते पुढे आले तर ते थेट त्वचेवर चालते आणि कापते. फार मागे गेले तर केस त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत आणि मशीन केसांवरून नुसते फिरते. तिरके झाले तर एका बाजूने ओढते आणि एका बाजूने नीट कापते. जुळवण्यासाठी मशीन बंद आणि वायर काढलेली असावी. दोन्ही स्क्रू अर्धा फेरा ढिले करावेत, पूर्ण काढू नयेत, कारण आतली स्प्रिंग उडून पलंगाखाली जाते. पाते नखाने सरकवून ओळ समांतर करावी, एक स्क्रू थोडा, मग दुसरा थोडा असे आळीपाळीने घट्ट करावेत, आणि पुन्हा उजेडात पाहावे. एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला तर दुसरा आवळताना पाते हमखास तिरके होते. जुळणी झाल्यावर मशीन आधी आपल्या हाताच्या पाठीवर चालवून पाहावे.

पाते काढलेच आहे तर त्याच्या मागे मोटरला जोडणारा प्लास्टिकचा लहान दांडा असतो तोही पाहावा. मोटर फिरते, आवाज येतो, पण पाते हलत नाही किंवा अर्धेच हलते, अशा वेळी तो दांडा झिजलेला किंवा तडकलेला असतो. तो चिकटवता येत नाही. त्याच मॉडेलचा मिळाला तर बदलावा.

धार गेली आहे हे केव्हा म्हणावे

पाती साफ आहेत, योग्य तेल आहे, जुळणी बरोबर आहे, विजेचा जोर पुरेसा आहे आणि केस कोरडे आहेत, तरीही मशीन ओढते, तेव्हाच धार गेली असे म्हणावे आणि नवा पात्यांचा संच घ्यावा. तो मशीनच्या नेमक्या मॉडेलचाच हवा. स्क्रूंची भोके जुळली म्हणून दुसरा संच जुळतो असे नाही. दोन्ही पाती एकत्र बदलावीत, कारण जुन्या आणि नव्या पात्याचे पृष्ठभाग एकमेकांवर सपाट बसत नाहीत.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे किंवा घरच्या पॉलिशपेपरवर ही पाती देऊ नयेत. सुरीची कड घासून धार येते, पण इथे धार म्हणजे दोन पृष्ठभागांचा सपाटपणा असतो आणि दगडावर एकदा घासले की तो जातो. पांढरे सिरॅमिकचे पाते तर त्यात तुटतेच.

कुठे थांबावे

मशीन हातात धरल्यावर मुंग्या येणे किंवा झिणझिण्या जाणवणे, जळका वास, वायर मशीनमध्ये शिरते त्या ठिकाणी ती हलवल्यावर मशीन बंद-चालू होणे, यांपैकी काहीही दिसले तर स्विच बंद करून वायर काढावी आणि मशीन जाणकार इलेक्ट्रिशियनकडे द्यावे. वायर मशीनभोवती गुंडाळून ठेवण्याच्या सवयीने ती त्याच जागी तुटते. तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळून ओल्या केसांच्या माणसाजवळ २३० व्होल्ट नेणे हा वेडेपणा आहे. न्हाणीघरात किंवा ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून वायरचे मशीन वापरू नये.

बॅटरी बदलणे हे घरी करायचे काम नाही. ती आत डाग देऊन जोडलेली असते आणि लिथियम बॅटरीला गरम सोल्डरिंग आयर्न लावणे धोक्याचे आहे. जेल रोडवर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणारी दुकाने आहेत. तिथे आधी खर्च विचारावा, आणि तो नव्या मशीनच्या निम्म्यापेक्षा अधिक निघाला तर नवेच घ्यावे. गॅरंटीची मुदत चालू असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच कंपनीच्या सेवाकेंद्रात जावे.

अर्ध्या डोक्यावर मशीन बंद पडले तर उरलेले डोके सलूनमध्ये न्यावे. ओढणाऱ्या मशीनने मुलाचे डोके पूर्ण करण्याचा हट्ट धरला की ते मूल पुढे खुर्चीवर बसायला तयार होत नाही. बाळाचे जावळ या मशीनने घरी काढू नये, टाळू भरलेली नसताना तर नाहीच. ज्याला रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, किंवा ज्याच्या मानेवर पुळ्या, खपल्या अथवा केस गळालेला गोल चट्टा आहे, त्याच्या डोक्यावर मशीन चालवण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

मशीनचे कवच मध्यभागी फुगलेले दिसले किंवा नीट मिटेनासे झाले तर आतली बॅटरी फुगलेली आहे असे समजावे. ते मशीन पुन्हा चार्जिंगला लावू नये, दाबू नये, उघडू नये. मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात, पडद्यांपासून आणि कागदांपासून दूर, सावलीत ठेवावे आणि सकाळी कचरागाडी आली की ई-कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात, गाडीवरच्या माणसाला आत फुगलेली बॅटरी आहे असे सांगून, द्यावे.